विमानाच्या पंखावरील भोवरे : उत्थापन आणि रोध यांचा मेळ

उड्डाणाचा इतिहास सांगताना नवव्या शतकातील कुर्तुबा (स्पेन) येथील अब्बास इब्न फिरनास यांचा उल्लेख आवर्जून केला जातो. सतराव्या शतकातील इतिहासकार अल-मक्करी यांच्या नोंदीनुसार ते काही अंतर हवेतून गेले, परंतु उतरताना त्यांच्या पाठीला इजा झाली. पक्षी उतरताना शेपटीचा उपयोग करतो, हे त्यांच्या लक्षात आले नव्हते, असे ही नोंद सांगते. सुखरूप उतरणे हा उड्डाणशास्त्रातील अवघड भाग आजही आहे.

पेडणे तालुक्यातील मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथे नियमित विमानसेवा सुरू झाली. त्यामुळे पेडणे-डिचोलीच्या विद्यार्थ्यांना उतरणारे विमान आता जवळून पाहायला मिळते. अनेक विमानांच्या गुळगुळीत पंखांवर लहान उभ्या पट्ट्या बसविलेल्या असतात. हा अडथळा मुद्दाम कशासाठी, असा प्रश्न वर्गात येणे स्वाभाविक आहे. या पट्ट्यांना व्हॉर्टेक्स जनरेटर, म्हणजेच भोवराजनक, असे म्हणतात. त्यांचे कार्य व रचना यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सीमास्तर म्हणजे काय?

पावसाळ्यात साखळीची वाळवंटी नदी पाहिल्यास मध्यभागी पाणी वेगाने जाताना दिसते, तर काठालगत ते मंद असते. पात्र वळले वा रुंदावले की काठाचे पाणी कित्येकदा उलटही फिरते. पंखावरील हवेचे असेच होते. पृष्ठभागाला चिकटलेल्या मंद हवेच्या पातळ थराला सीमास्तर म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांनी ही संकल्पना १९०४ साली मांडली. विमानाच्या पंखावर या थराची जाडी काही मिलिमीटरांपासून काही सेंटिमीटरांपर्यंत असते.

उतरताना विमानाचा वेग कमी असतो. तेवढ्या वेगात वजन पेलण्यासाठी पंखाचा वाऱ्याशी असलेला कोन वाढवावा लागतो. त्या वेळी पंखाच्या वरच्या बाजूने मागे जाणाऱ्या हवेला वाढत्या दाबाविरुद्ध जावे लागते. सीमास्तरातील मंद हवेत तेवढी शक्ती नसते. ती थांबते, उलटते आणि प्रवाह पंखापासून सुटतो. मग उत्थापन, म्हणजे लिफ्ट, एकदम घटते आणि रोध, म्हणजे ड्रॅग, वाढतो. यालाच स्टॉल म्हणतात. जमिनीजवळ असा प्रसंग आला, तर सावरण्यास उंची उरत नाही.

भोवरा काय करतो?

भोवराजनक पट्टी प्रवाहाशी तिरकी बसविलेली असते. तिच्या टोकावरून लहानसा भोवरा निघून पंखावर मागे लांबत जातो. तो वरची वेगवान हवा खाली आणतो आणि खालची मंद हवा वर ढकलतो. अशा रीतीने सीमास्तराला नवी शक्ती मिळते व प्रवाह अधिक कोनापर्यंत पंखाला धरून राहतो. अमेरिकेतील युनायटेड एअरक्राफ्टचे एच. डी. टेलर यांनी १९४७ च्या सुमारास अशा पट्ट्यांचा उपयोग दाखवून दिला.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. पट्टीचा स्वतःचा रोध असतोच. प्रवाह मुळातच सुटणार नसेल, तर पट्टी लावून तोटाच होतो. प्रवाह सुटल्याने होणारे नुकसान पट्टीच्या रोधापेक्षा मोठे असेल, तेव्हाच एकूण रोध कमी होतो. म्हणून ‘भोवराजनक रोध कमी करतात’ हे विधान कोणत्या स्थितीत खरे आहे, हे सांगितल्याशिवाय अपुरे राहते.

रचनेचे चार प्रश्न

पहिला प्रश्न जागेचा. पट्टी प्रवाह सुटण्याच्या जागेच्या पुढे, वाऱ्याच्या दिशेला हवी. सुटलेल्या प्रवाहात ती निरुपयोगी ठरते. दुसरा उंचीचा. जुन्या पद्धतीत उंची सीमास्तराच्या जाडीएवढी ठेवीत. नासाच्या लँगली केंद्रातील जॉन लिन यांनी २००२ साली घेतलेल्या आढाव्यानुसार जाडीच्या १० ते ५० टक्के उंचीही बहुधा पुरते आणि रोध बराच वाचतो. तिसरा कोनाचा. तो साधारणतः १५ ते २५ अंश असतो. चौथा मांडणीचा. शेजारच्या पट्ट्या एकाच दिशेने कलत्या ठेवाव्यात की समोरासमोर जोडीने, आणि अंतर किती असावे, हे ठरवावे लागते.

लिन व सहकाऱ्यांच्या एका प्रयोगात पंखामागील फ्लॅपवर बसविलेल्या सूक्ष्म पट्ट्यांमुळे उतरण्याच्या स्थितीत उत्थापन सुमारे १० टक्के वाढले व रोध सुमारे ५० टक्के घटला. फ्लॅप आत घेतल्यावर या पट्ट्या पंखाच्या आड लपतात. त्यामुळे लांबच्या प्रवासात त्यांचा भुर्दंड पडत नाही. उत्तम रचनेचे मर्म यातच आहे.

मोप्याच्या आकाशात

मोपा येथे येणाऱ्या एअरबस ए-३२० विमानाच्या इंजिनाच्या आवरणावर, प्रवाशांकडील बाजूस, एक मोठे पाते असते. तोही भोवराजनकच होय. मोठ्या कोनात इंजिनाच्या आवरणामुळे पंखावरील प्रवाह बिघडतो. पात्याचा भोवरा पंखावरून जाऊन तो सावरतो. पावसाळ्याच्या दमट हवेत भोवऱ्याच्या गाभ्यातील दाब व तापमान उतरून बाष्पाचे सूक्ष्म थेंब बनतात आणि खिडकीतून पांढरी दोरी पंखावर धावताना कधी कधी दिसते.

वर्गातील उपयोग

पुठ्ठ्याच्या पंखावर लोकरीचे छोटे धागे चिकटवून तो टेबलफॅनसमोर हळूहळू तिरपा करावा. धागे उलटू लागले की प्रवाह सुटला असे समजावे. नंतर पुढील भागात पुठ्ठ्याचे लहान त्रिकोण बसवून तोच कोन पुन्हा तपासावा. पंख्याची हवा स्वतःच घुसळलेली असल्याने फरक स्पष्ट दिसेलच असे नाही. जसे दिसेल तसेच नोंदवावे, ही सवयही विज्ञानशिक्षणाचाच भाग आहे. उर्दू माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी भोवऱ्याला ‘गिर्दाब’ हा ओळखीचा शब्द वापरता येईल. नदीतला गिर्दाब बुडवतो, पण योग्य जागी, योग्य उंचीचा भोवरा विमानाला तोलून धरतो, एवढा भेद विद्यार्थ्याला स्वतःच्या शब्दांत सांगता आला, तर पाठाचा हेतू साध्य झाला असे म्हणता येईल.