मुक्कामाची जागा

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना कापूरहोळ मागे पडले, की नीरेचा पूल येण्याआधी किकवी लागते. 'लागते' हे आपण जुन्या सवयीने म्हणायचे, कारण महामार्गाने जाणाऱ्यांना आता गाव लागत नाही, गावाची पाटी तेवढी दिसते. मार्गशीर्षातल्या एका सकाळी, कापणी होऊन मोकळ्या झालेल्या भातखाचरांवरून धुके अद्याप पुरते उठले नव्हते अशा वेळी, मी रस्ता ओलांडण्यासाठी या पाटीपाशी खोळंबलो होतो आणि पलीकडच्या अंगाला तीनएकशे मेंढ्या त्याच कामासाठी खोळंबल्या होत्या. घोंगडीची खोळ घेतलेल्या एका गृहस्थाने काठी आडवी धरून उसाचा ट्रक थांबविला, त्याच्यामागे मोटारींची रांग थांबली, आणि मुंबई-बंगळूरचा तो राजमार्ग काही मिनिटांपुरता मेंढ्यांच्या हवाली झाला. दुभाजकात जेथे खिंडार होते तेथून पहिली मेंढी शिरली आणि बाकीच्या तिच्या शेपटीला नाक लावून, कोणाचाही हॉर्न मनावर न घेता, इकडे आल्या.

मेंढ्यांमागून बायका आल्या आणि बायकांच्या हाती घोड्यांचे दोर होते. कळप पुरुषांनी चारायचा आणि बिऱ्हाड बायकांनी हलवायचे, अशी धनगरांच्या फिरस्तीत जुनी वाटणी आहे; मुक्कामी चूल मांडण्यापासून दुसऱ्या दिवशी घोडा लादण्यापर्यंतचा सारा कारभार बायकांच्या अखत्यारीतला. त्या घोड्यांपैकी एकावर घोंगड्यांच्या घड्या, मेंढ्या कोंडण्याच्या वाघरीची गुंडाळी, जर्मनची पातेली, पिठाचा डबा आणि पाण्याचे दोन कॅन होते. त्यावर दोरीने आवळलेली टोपली व टोपलीत कोंबडी. एका पिशवीतून दोन कोकरांची तोंडे बाहेर आलेली. आणि या सर्वांच्या शिखरावर, कुंची घातलेले दोनअडीच वर्षांचे मूल, हौद्यातल्या राजपुत्राने पाहावे तसे ट्रककडे पाहत बसलेले. घोड्याच्या कुल्ल्यावर वहीएवढा एक काळा चकचकीत पत्रा बांधला होता. तो सौर पत्रा, मोबाइल चार्ज करण्यासाठी.

मागच्या घोड्याबरोबर एक वृद्ध बाई होती. मी विचारले, "आजी, कुठवर?"

"खाली. कोकणात."

"परत कधी?"

"मिरगाच्या आत."

"आणि घरी कोण?"

"म्हातारा हाय. त्याचं गुडघं चालंनात आता," असे सांगून तिने घोड्याला टिचकारी दिली. मी नोकरीतून निवृत्त झालेला मनुष्य; थंडीचे चार महिने कोठे घालवावेत याचा विचार घरात दोघे मिळून करीत असतो. या बाईने तो विचार कधी केलाच नसावा, कारण तिच्या घराण्यात त्याचा निकाल केव्हाच लागून गेला होता.

आपल्या भाषेत 'वाडा' या शब्दाचे दोन अर्थ परस्परांच्या अगदी विरुद्ध टोकांना उभे आहेत. भोरला पंतसचिवांचा वाडा आहे, दगडी जोत्याचा आणि लाकडी खांबांचा. आणि एकत्र फिरणाऱ्या धनगर कुटुंबांच्या तळालाही वाडाच म्हणतात, ज्याला भिंत नाही, जोते नाही आणि छप्पर असलेच तर एखाद्या ताडपत्रीचे. फलटण, माण, खटाव या भागांत वर्षाकाठी सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर घाट उतरून गेलेल्या महाड-माणगावकडे ३००० मिलिमीटरहून अधिक. पावसाळ्यात कोकणच्या चिखलात मेंढीचे खूर कुजतात, म्हणून ते दिवस कोरड्या देशात काढायचे. दिवाळीनंतर देशावरचे गवत संपत आले, की कापलेल्या भाताची धसकटे आणि बांधावरचा हिरवा पाला शोधीत पश्चिमेकडे निघायचे. आणि मृगापूर्वी माघारी फिरायचे. नीरेच्या खोऱ्याने भोर आणि भोरवरून वरंधा घाट, ही या वाटांपैकी एक. तिच्यावर मुक्काम करायचा तर कोणाच्या तरी जमिनीवर करावा लागतो, आणि जमीनधनी तो करू देतो, याचे कारण दयाधर्मात शोधू नये: तीनशे मेंढ्या एका रात्रीत शेतावर जे खत टाकतात त्याचा मोबदला म्हणून पूर्वी पायलीच्या मापाने धान्य मिळे व आता बहुधा रोख मिळते. शेतात 'मेंढरं बसवणे' हा करारच आहे, केवळ त्याला कागद नाही.

गुंथर सोंथायमर या जर्मन पंडिताने या लोकांमागे अनेक वर्षे हिंडून त्यांच्या ओव्या टिपल्या आणि बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांवरील त्याचा ग्रंथ १९७६ मध्ये जर्मनीत प्रसिद्ध झाला. यांपैकी म्हस्कोबाचे वीर येथून फार दूर नाही, नीरेच्याच काठाने खाली गेले की येते. देव रानात का राहतो आणि त्याला गावात आणण्यासाठी केवढे नाटक का करावे लागते, हे त्या ओव्या ऐकल्यावाचून उमगत नाही. पण तो विषय वेगळा.

आता याच ऋतूत पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला काय चालते ते पाहू. अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत आणि कॅनडात बर्फ पडू लागले, की नोकरीतून मोकळी झालेली सहस्रावधी जोडपी आपले घर बंद करून दुसऱ्या, चाके असलेल्या घरात बसतात आणि ॲरिझोना, न्यू मेक्सिको, दक्षिण कॅलिफोर्निया येथील वाळवंटाचा रस्ता धरतात. त्यांना तेथे 'स्नोबर्ड' म्हणतात, म्हणजे हिमाला भिऊन उडणारे पक्षी. वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भाजणारी वाळू येते. परंतु सोनोरन वाळवंटात जानेवारीतील दुपार आपल्या किकवीच्या दुपारपेक्षाही सौम्य असते, रात्री मात्र गोधडी लागते, आणि उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर गेल्यावर एकही पक्षी तेथे उरत नाही.

ज्या वाहनातून हे लोक जातात त्याला 'आर. व्ही.' म्हणतात, मी त्याला घरगाडी म्हणेन. कोणाची ती एस. टी.एवढी लांब असते, कोणाची साध्या मोटारीमागे जोडलेली असते. आत पलंग, ओटा, शीतकपाट, न्हाणीघर आणि संडास. आपल्याला कुतूहल पलंगाचे वाटते, पण घरगाडीचे खरे शास्त्र तिच्या पोटात आहे: तेथे तीन टाक्या असतात. एकीत पिण्या-वापरण्याचे पाणी. दुसरीत न्हाणीचे व भांड्यांचे सांडपाणी, जिला करडी टाकी म्हणतात. आणि तिसरी काळी टाकी, जिच्याविषयी अधिक सांगण्याची आवश्यकता नसावी. छपरावर सौर पत्रे, खाली बॅटऱ्या. वाळवंटात नळ नाही, तार नाही, तेव्हा पहिली टाकी रिकामी होण्याचा दिवस आणि उरलेल्या दोन भरण्याचा दिवस या दोहोंच्या दरम्यान जेवढा अवधी, तेवढा त्या जोडप्याचा मुक्काम. त्यानंतर गाडी हलवून पाणी भरण्याच्या आणि टाक्या रित्या करण्याच्या ठिकाणी जावेच लागते. नवरा-बायकोने आयुष्यभर कधी मोजले नसेल एवढे पाणी ती दोघे म्हातारपणी मोजतात.

आणि थांबायचे कोठे? ॲरिझोनात क्वार्टझसाइट नावाचे गाव आहे. २०२० च्या जनगणनेत तेथे अडीच हजारही माणसे भरली नाहीत. हिवाळ्यात मात्र सभोवारच्या माळावर, पंढरपूरला आषाढीत व्हावी तशी, घरगाड्यांची दाटी होते. त्या माळाची मालकी संघराज्याची आहे. सरकारी भूमीवर सामान्यतः एका जागी चौदा दिवसांहून अधिक राहता येत नाही. पण हिवाळ्यातील ही गर्दी कोठेतरी बसवली पाहिजे म्हणून भूव्यवस्थापन खात्याने १९८३ पासून काही माळ दीर्घ मुक्कामासाठी राखून ठेवले, आणि १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या सात महिन्यांच्या परवान्याला अलीकडेपर्यंत १८० डॉलर घेतले जात. आपल्या जुन्या दप्तरांत वनचराई नावाची पट्टी आढळते. ज्याला ती ठाऊक आहे त्याला या परवान्याचे नवल वाटू नये.

याच गावच्या स्मशानात दगडांचा एक लहान पिरॅमिड आहे आणि त्याच्या टोकावर धातूचा उंट. ही हाजी अलीची कबर. अमेरिकी सैन्याने १८५६ मध्ये वाळवंटात सामान वाहण्यासाठी उंट वापरून पाहण्याचा घाट घातला, तेव्हा त्यांच्याबरोबर हा सारवान समुद्रापलीकडून आला. सैन्याचा प्रयोग फसला, उंट रानोमाळ झाले, पण माणूस तेथेच राहिला, १९०२ मध्ये तेथेच वारला, आणि गोऱ्यांच्या जिभेवर त्याच्या नावाचे 'हाय जॉली' झाले. घरगाडीला इंग्रज 'कॅरॅव्हॅन' म्हणतो, तो शब्द फारसीतल्या 'कारवान'चा. तेव्हा ज्या शब्दाने उंटांची रांग सांगितली जाई, त्या शब्दाच्या गाड्या आज एका सारवानाच्या कबरीभोवती रांगा धरतात, हा योग कोणी जुळवून आणलेला नाही.

या सर्वांकडे सुखवस्तू म्हाताऱ्यांची चैन म्हणून पाहणे मात्र चूक ठरेल. २००८ च्या आर्थिक कोसळीत अनेकांची घरे गेली, निवृत्तिवेतन पुरेना, आणि साठी उलटलेली माणसे निरुपायाने गाडीत राहू लागून हंगामी मजुरीसाठी गोदामांतून व बीटाच्या शेतांतून फिरू लागली. जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंनी २०१७ मध्ये 'नोमॅडलँड' हे पुस्तक लिहिले ते त्यांच्यावर. त्यावरील चित्रपटाला पुढे ऑस्कर मिळाले. एकाच माळावर, एकाच परवान्यात, हौसेने आलेला आणि हाकलला गेलेला असे दोघे शेजारी उभे असतात, आणि दुरून पाहणाऱ्याला कोण कोणता ते ओळखू येत नाही.

आपल्याकडे हे लोण येत आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले. त्यात गाड्यांबरोबर त्या उभ्या करण्याच्या तळांचाही विचार आहे, पाणी, वीज आणि स्वच्छतागृह असलेल्या. विचार योग्य आहे. तळ मात्र वाटेवर लागावे लागतात. मागल्या पौषात आम्ही दोघांनी अशी एक गाडी चार दिवसांसाठी भाड्याने घेतली आणि कोकणात उतरलो. दुसऱ्या संध्याकाळी समुद्राकाठच्या एका मोकळ्या जागेत गाडी उभी केली, तोच रखवालदार आला आणि अत्यंत विनयाने म्हणाला, "काका, गाडी लावायला हरकत नाही, पण राहता येणार नाही." मी म्हटले, "अरे, गाडीच आमची खोली आहे." त्याने क्षणभर विचार केला. "मग खोली लावता येणार नाही," तो म्हणाला. कायदेपंडिताला लाजवील असा तो निवाडा ऐकून सौभाग्यवतींना हसू आवरेना. ती रात्र आम्ही एका पेट्रोल पंपावर, दोन ट्रकांच्या मध्ये काढली. सकाळी त्यांपैकी एका ट्रकच्या केबिनमधून स्टोव्हचा आवाज आला आणि चालकाने हिला विचारले, "मावशी, चहात आलं चालेल ना?" तिसऱ्या टाकीचा प्रश्न चौथ्या दिवशी कसा सुटला, ते या मासिकाच्या सभ्यतेस धरून सांगता येण्याजोगे नाही.

जागा देण्याची विद्या या देशाला नवी होती असे नाही. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात तीर्थोतीर्थी धर्मशाळा, घाट आणि विहिरी बांधल्या. त्या स्वतः धनगर कुळातल्या होत्या, हा मला केवळ योगायोग वाटत नाही. ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या संध्याकाळी जागा मागण्यात गेल्या, त्यांच्यातल्या कोणाच्या हाती सत्ता आली तर तिने पहिल्याप्रथम निवारे उभारावेत, यात नवल ते काय? आणि आजही मराठी निवृत्त जोडप्यांची मोठी हिवाळी यात्रा जी नर्मदेची परिक्रमा, ती याच विद्येवर चालते. चातुर्मास संपला, की १३१२ किलोमीटर लांबीची ती नदी उजव्या हाताला ठेवून कोणी महिनोन् महिने पायी, तर कोणी गाडीने दोनतीन आठवड्यांत, तिला वळसा घालतात. तीरावरच्या गावांत परकम्मावासी म्हटला, की ओसरी मिळते आणि सदावर्तातून शिधा मिळतो. तेथे परवाना लागत नाही. पण ओसरीवाल्याला त्या मुक्कामातून आपल्या हिशेबाचे काही मिळत असतेच. ते पुण्य असो, नाही तर मेंढीची लेंडी असो.

धनगरांचा हिशेब मात्र आता बिनसू लागला आहे. रासायनिक खताची गोणी दुकानात मिळते, पाण्याखालच्या रानात बारमाही पीक उभे असते, गावोगावची गायराने आक्रसली, वनखात्याची तार आड येते, आणि लोकरीला भाव न उरल्याने कातरलेली लोकर कित्येकदा टाकून द्यावी लागते. वाट तीच आहे. वाटेवरचे 'बसा' म्हणणारे कमी झाले.

त्या दिवशी सायंकाळी तो वाडा आमच्या शेजारच्या खाचरात उतरला. शेतकरी बांधावर उभा राहून म्हणत होता, "दोन राती बसवा." घोंगडीवाला म्हणाला, "एकच. फुडली रानं ठरल्यात." पैशाचे बोलणे मला ऐकू आले नाही, ते दोघे थोडे बाजूला गेले. अंधार पडेपर्यंत वाघर ताणली गेली होती, टोपलीतली कोंबडी सुटून चुलीभोवती फिरत होती, आणि तो काळा पत्रा एका पातेल्याला टेकवून ठेवला होता, उद्याच्या पहिल्या उन्हाच्या दिशेला तोंड करून.

पहाटे मी उठलो तो खाचर रिकामे. सारी जमीन लेंड्यांनी काळी झाली होती आणि मधोमध चुलीचे तीन दगड उरले होते. शेतकऱ्याने ते एकेक करून उचलले, राख झटकली आणि बांधावर, पाऊस लागणार नाही अशा बेचक्यात, पुढल्या वर्षासाठी नीट रचून ठेवले.