पोशाख-नोंदणी, वस्तुसंग्रहालयीन

वस्तुसंग्रहालयात दाखल झालेल्या जुन्या पोशाखाची ओळख, मोजमापे, घडण, स्थिती व पूर्वेतिहास यांची पद्धतशीर नोंद करणे, यास पोशाख-नोंदणी म्हणतात. अंगावरून उतरलेल्या पोशाखाचा अर्थ बव्हंशी या नोंदीवरच अवलंबून असतो. भारतात संग्रहालयशास्त्राचे स्वतंत्र अध्यापन १९५२ मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात सुरू झाले. तथापि ही विद्या प्रत्यक्ष वस्त्र हाताळूनच अवगत होते.

यवतमाळ जिल्ह्यात, विशेषतः पुसद, दिग्रस, दारव्हा या भागांत, बंजारा समाजाचे अनेक तांडे आहेत. आरसे, कवड्या व भरतकाम यांनी सजविलेला तेथील स्त्रियांचा पारंपरिक पोशाख नित्याच्या वापरातून मागे पडत असून मुख्यतः वृद्ध स्त्रिया व सण-समारंभ यांपुरता उरला आहे. नवशिक्या विद्यार्थ्याने त्यातील वस्त्रास ‘भरतकामाचा घागरा’ एवढेच म्हटले, तर ते राजस्थानातील की वऱ्हाडातील, हेही पुढे कळणार नाही. म्हणून फेटिया (घागरा), कांचळी (पाठ उघडी असलेली चोळी), टुकरी (ओढणी) ही बोलीतील नावे, तांडा, शिवणारी व वापरणारी स्त्री आणि प्रसंग ही माहिती दात्याकडून वस्त्र स्वीकारतानाच लिहून घ्यावी लागते. देणारी वृद्धा पुन्हा भेटेलच असे नाही.

वस्त्र स्वच्छ कापडाने झाकलेल्या मेजावर सपाट पसरतात. हाताळणाऱ्याने अंगठ्या-बांगड्या काढून ठेवाव्यात व शाईऐवजी पेन्सिल वापरावी. डावी-उजवी बाजू पाहणाऱ्याची नव्हे, तर परिधान करणाऱ्याची धरतात. येथे नवशिके हमखास चुकतात. दाखल-क्रमांक सुती फितीवर लिहून ती फीत दोनचार सैल टाक्यांनी आतल्या बाजूस शिवतात. टाचणी व गोंद वर्ज्य होत. ठिगळ, वाढविलेला घेर किंवा घामाचा डाग यांची गणना केवळ दोषांत करू नये. वस्त्र किती काळ व कसे वापरले गेले, याचा तोच पुरावा असतो आणि तो धुऊन काढल्यास परत मिळत नाही.

कालनिर्णय हा सर्वांत निसरडा भाग होय. वस्त्रावर शिवलेल्या नाण्यावरून ते त्या नाण्याच्या आधी पूर्ण झाले नसावे, एवढेच अनुमान निघते. जुनी नाणी नव्या वस्त्रावर शिवली जातात आणि जुन्या वस्त्रावर नवी नाणीही मागाहून चढतात. शिवाय व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर १८६२ हे साल पुढे काही वर्षे तसेच छापले जात होते. ‘एम्प्रेस’ ही उपाधी नाण्यांवर १८७७ पासून आली.

आंतरराष्ट्रीय वस्तुसंग्रहालय परिषदेच्या पोशाख समितीने १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेली मूलभूत संज्ञावली शिवलेल्या कपड्यांस सोयीची आहे. सुमारे ८ मी. लांबीचे नऊवारी लुगडे मात्र घडी घातले, की नुसते लांब कापड उरते. त्याचे वस्त्रपण नेसण्याच्या रीतीत असते. अशा वेळी काठ, पदर व पोत यांच्या वर्णनास निऱ्या आणि कासोटा यांची क्रमवार रेखाचित्रे जोडावी लागतात आणि ती नेसून दाखविणाऱ्या जाणत्या स्त्रीसमोर बसूनच काढावी लागतात.