फॅक्स ‘गेला’, पण पोहोचला का? युनिक्स सर्व्हरवरचा फॅक्स मोडेम अडला तर काय तपासायचं

हैदराबाद : नांदेड, लातूर, बीदर, आदिलाबादकडची कितीतरी पोरं-पोरी आज हैदराबादेत सर्व्हर सांभाळायच्या नोकरीत आहेत. नोव्हेंबर १९९८ मध्ये इथल्या सायबर टॉवर्सचं उद्घाटन झालं, त्यानंतर काम क्लाऊडवर गेलं. तरी काही ऑफिसांत कोपऱ्यातल्या युनिक्स किंवा लिनक्स सर्व्हरला फॅक्स मोडेम जोडलेला दिसतो. कारण समोरचं गिऱ्हाईक. अमेरिकेतले दवाखाने आणि विमा कंपन्या अजूनही फॅक्स वापरतात आणि त्यांच्या बिलिंगचं बरंच काम हैदराबादेतून चालतं. उपचाराच्या मंजुरीचा कागद वेळेत पोहोचला नाही, तर तिकडे पेशंटचं काम अडतं आणि इकडे नाइट शिफ्टवाल्याला जाब द्यावा लागतो.

फॅक्स न पोहोचण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे देशाने २१ नोव्हेंबर २०१८ ला पाहिलं. जम्मू-काश्मीरमध्ये सरकार स्थापनेचा दावा करणारं मेहबूबा मुफ्ती यांचं पत्र राजभवनाच्या फॅक्सवर जाईना. शेवटी त्यांनी ते ट्विटरवर टाकलं आणि त्याच संध्याकाळी विधानसभा बरखास्त झाली. सुट्टीमुळे राजभवनात फॅक्स घ्यायला कुणी नव्हतं, असं तत्कालीन राज्यपाल सत्यपाल मलिक यांनी नंतर सांगितलं.

मोडेम अडला की बहुतेक जण थेट कॉन्फिगरेशनची फाइल उघडतात आणि चार गोष्टी एकदम बदलतात. मग बिघाड कशामुळे होता ते कळतच नाही. तपासणी लाइनपासून सुरू करायची आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

१. आधी टेलिफोनची लाइन

मोडेमची वायर काढून तिथे साधा फोन लावा. डायल टोन स्वच्छ येतो का, खरखर आहे का ते ऐका. त्याच फोनवरून समोरच्या फॅक्सचा नंबर फिरवा. तिकडून शिट्टी ऐकू आली, तर लाइन आणि समोरचं यंत्र दोन्ही जिवंत आहेत. लाइनवर ब्रॉडबँड असेल तर स्प्लिटर लागतो. पावसाळ्यात वीज कडाडली की लाइनमधून झटका येऊन मोडेम जळतो, हेही लक्षात ठेवा.

२. मोडेम सर्व्हरला उत्तर देतो का?

मिनीकॉमसारख्या टर्मिनल प्रोग्रॅममधून मोडेमला ‘एटी’ ही दोन अक्षरं पाठवा. ‘ओके’ आलं पाहिजे. नाही आलं, तर चार शंका घ्यायच्या : पोर्टचं नाव चुकलं, पोर्ट वापरायची परवानगी नाही, दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने पोर्ट धरून ठेवलाय, किंवा जुनी लॉक फाइल तशीच पडून आहे. यूएसबी मोडेम काढून परत लावला की पोर्टचं नाव बदलू शकतं. सकाळपर्यंत चालणारा फॅक्स दुपारी बंद पडतो तो कधी कधी एवढ्यानेच.

‘ओके’ आल्यावर मोडेमला तो फॅक्सचे कुठले क्लास चालवतो ते विचारा. क्लास १ मध्ये फॅक्सचं बोलणं सर्व्हर सांभाळतो, क्लास २ मध्ये मोडेम स्वतः. क्लास १ ला वेळ अगदी काटेकोर लागतो. सर्व्हरवर भार असला की तो चुकतो आणि फोन मध्येच तुटतो. अशा वेळी दुसरा क्लास लावून बघायचा.

३. अर्धंच पान जातंय?

पानाचा वरचा भाग नीट आणि खाली पट्टे, किंवा पान मध्येच तुटलेलं, असं असेल तर फ्लो कंट्रोल बघा. मोडेम आणि सर्व्हर दोन्हीकडे हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू हवा. एकीकडे हार्डवेअर आणि दुसरीकडे सॉफ्टवेअर ठेवला तर घोळ ठरलेला.

४. नंबर फिरवताना होणारा घोटाळा

हायलाफॅक्स हे युनिक्सवरचं जुनं सॉफ्टवेअर सॅम लेफलर यांनी सिलिकॉन ग्राफिक्समध्ये असताना लिहिलं. सेटअप करताना ते देशाचा कोड, शहराचा कोड, एसटीडी आणि आयएसडीचे आधी लावायचे आकडे विचारतं. तयार मिळणारी उदाहरणं अमेरिकेची असतात. ती तशीच ठेवली तर नंबर भलतीकडेच लागतो. हैदराबादसाठी देश ९१, शहर ४०, एसटीडीसाठी ०, आयएसडीसाठी ००. शहराच्या रकान्यात ०४० लिहायचं नाही, कारण शून्य वेगळं भरलेलं असतं. ऑफिसात ईपीएबीएक्स असेल तर बाहेरच्या लाइनचा आकडा आणि त्यापुढे स्वल्पविराम द्या. स्वल्पविराम म्हणजे मोडेमने क्षणभर थांबायचं.

दुसरी अडचण आवाजाची. आपल्याकडचा डायल टोन ४०० हर्ट्झचा, अमेरिकेत ३५० आणि ४४० हर्ट्झ एकत्र. तिकडच्या हिशेबाने बनवलेल्या मोडेमला आपला टोन कळत नाही आणि लाइन चांगली असूनही तो ‘डायल टोन नाही’ म्हणतो. मोडेमच्या सुरुवातीच्या आदेशात ‘एक्स३’ टाकलं की तो टोनची वाट न बघता नंबर फिरवतो.

५. इंटरनेटवरचा फोन असेल तर

तांब्याची लाइन जाऊन फायबर आलं की फोन इंटरनेटवरून चालतो. जी.७२९ सारखी पद्धत माणसाचा आवाज दाबून पाठवते. माणसाला ते चालतं, फॅक्सची शिट्टी मात्र त्यात मोडते. म्हणून फॅक्सच्या लाइनवर जी.७११ किंवा खास फॅक्ससाठीची टी.३८ पद्धत चालू करून घ्या. तरी जमलं नाही तर वेग १४,४०० वरून ९,६०० वर आणा.

६. जातो, पण येत नाही

हायलाफॅक्समध्ये फॅक्स घेण्यासाठी ‘फॅक्सगेटी’ हा प्रोग्रॅम सतत चालू लागतो. शिवाय किती रिंगनंतर फोन उचलायचा, हा आकडा शून्य असेल तर मोडेम फोन उचलतच नाही. पाठवणं व्यवस्थित चालू असल्यामुळे ऑफिसात कुणालाच शंका येत नाही. येणारे कागद बाहेरच राहतात आणि इथे कुठलीही चूक दिसत नाही. वर सांगितलेल्या बिघाडांत सगळ्यात घातक हाच.

लॉग वाचायची सवय

प्रत्येक कॉलची नोंद लॉगमध्ये असते. ‘कॅरियर नाही’ म्हणजे समोर फॅक्सचा आवाजच मिळाला नाही. पानाच्या शेवटी तीनदा विचारूनही उत्तर नाही, अशी नोंद असेल तर पान गेलं, पण पोच आली नाही. असा फॅक्स पोहोचला असं धरायचं नाही, फोन करून विचारायचं.

काहीही बदल केला की दोन पानांचा फॅक्स बाहेर पाठवा आणि बाहेरून एक मागवा. दोन्हीकडची पानं डोळ्यांनी वाचून बघा. पोच आली तरी पान वाचण्यासारखं आहे की नाही, हे समोरचा माणूसच सांगू शकतो.