श्वासाचा आलेख आणि फोनवरचा डॉक्टर

रासायनिक कारखान्यात जडलेला दमा डॉक्टरांच्या हाती सहसा लागत नाही. रंग किंवा फोमच्या कामातल्या आयसोसायनेटसारख्या रसायनांचा त्रास कधी पाळी सुरू असताना, तर कधी घरी गेल्यावर रात्री सुरू होतो. चिखलोलीच्या एमआयडीसीतला कामगार खाडा नको म्हणून सुट्टीच्या दिवशी दवाखाना गाठतो, तोवर छाती मोकळी झालेली असते. स्टेथोस्कोपला काहीच ऐकू येत नाही.

अशा वेळी उपयोगी पडतो तो पीक फ्लो मीटर. प्लॅस्टिकची छोटी नळी, तिच्यावर सरकता काटा. पूर्ण श्वास भरून जोरात फुंकायचं, तीन फुंकरींतला सर्वांत मोठा आकडा लिहायचा. दिवसातून किमान चार वेळा, दोन ते चार आठवडे, कामावर असताना आणि सुट्टीतही. समजा, सुट्टीत मिनिटाला ४५० लिटर येणारा आकडा कामाच्या दिवसांत वारंवार ३५० वर घसरला, तर संशयाची सुई कामाच्या जागेकडे वळते. हे आकडे रोज फोनवरून पाठवता येतात. म्हणून या आजाराच्या पाठपुराव्यात दूरचा डॉक्टर जवळच्या डॉक्टरपेक्षा कमी ठरत नाही, उलट त्याला जास्त दिसतं.

व्हिडिओवरून तपासणीला देशात स्पष्ट नियम मिळाले ते २५ मार्च २०२० रोजी. त्याच जूनमध्ये विमा नियामकाने विमा कंपन्यांना असा सल्ला विम्यात धरायला सांगितलं. तेव्हापासून अनेक कंपन्या ही सोय कर्मचाऱ्यांना देतात. पण ती पोचते मुख्यतः ऑफिसात बसणाऱ्यांपर्यंत. ज्वालाग्राही रसायनांच्या विभागात तर फोन न्यायलाच बंदी असते. तेव्हा नुसतं ॲप देऊन भागणार नाही. गेटजवळ एक खोली, एक परिचारिका, मीटर आणि पंधरा मिनिटांची भरपगारी सुट्टी एवढं तरी हवं. लहान कारखान्यांना एकेकट्याने जमत नसेल, तर चार जणांनी मिळून ते करावं.

मात्र वायुगळती झाली, कुणी बेशुद्ध पडलं, तर फोनवर वेळ घालवू नये. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर लाल आणि अवरक्त प्रकाशावरून रक्तातला ऑक्सिजन ठरवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं. माणूस गुदमरत असताना यंत्र ९८ दाखवू शकतं आणि पडद्यापलीकडचा डॉक्टर फसतो. तिथे मोकळी हवा, ऑक्सिजन आणि रुग्णवाहिकाच लागते.

आणखी एक अट मला सोडवत नाही. आलेख डॉक्टरकडेच राहिला पाहिजे. नोकरी जाईल या धास्तीने कंत्राटी कामगार आकडा वाढवून लिहील आणि मग सगळी मोजणी फुकट. कंपनीला नावं नकोत, विभाग कळला तरी पुरे. एकाच विभागातल्या अनेकांचे आकडे कामाच्या दिवशी उतरत असतील, तर इनहेलर वाटण्याआधी तिथला एक्झॉस्ट तपासावा.