अभंगांच्या तबकडीचे वेष्टन आणि चोखोबांचे महाद्वार

आषाढ शुद्ध एकादशी समीप आली, की पंढरीच्या वाटा टाळमृदंगाच्या घोषाने भरून जातात, आणि त्याच सुमारास अभंगांच्या नव्या ध्वनिमुद्रिकाही रसिकांच्या भेटीस येतात. पूर्वी त्या तबकड्यांच्या रूपाने येत, पुढे कॅसेटी आल्या, मग सीडी आल्या. आता बहुतेक गाणे मोबाईलमध्येच उतरते. माध्यमे पालटली, तरी वरचे चित्र बहुधा ठरलेले. मधोमध विटेवरची सावळी मूर्ती, तिच्यामागे तेजोवलय, खाली गायकाची प्रसन्न छबी आणि कोपऱ्यात वीणा. आत ज्ञानोबा असोत, जनाबाई असोत वा सावता माळी असोत, अंगरखा सर्वांना एकच!

या अंगरख्याविषयी चार शब्द लिहिण्याचे निमित्त यंदा एका विद्यार्थिनीने घडवून आणले. मुंबईत ती उपयोजित कलेचे शिक्षण घेते. तिच्या परिचयातील काही तरुण गायकांनी चोखामेळा आणि त्यांच्या कुटुंबीयांचे अभंग ध्वनिमुद्रित केले असून, त्यांची मोठी तबकडी काढावयाची आहे. तबकडीची आवड अलीकडे पुन्हा जागी झाली आहे. तिच्या वेष्टनाची संपूर्ण आखणी हाच या मुलीचा अखेरच्या वर्षाचा प्रकल्प. रेखाटने काखोटीस मारून ती आमच्याकडे आली ती अभंगांचा अर्थ समजून घेण्यासाठी. पण बोलणे अर्थावरून चित्रावर गेले आणि तेथेच बराच काळ रेंगाळले.

वेष्टनावर चित्र असावे ही कल्पना तशी जुनी नाही. आरंभीच्या तबकड्या साध्या कागदी पिशवीत मिळत. पिशवीला मध्ये भोक असे, त्यातून तबकडीवरची नावाची चकती वाचावयाची. एका बाजूस जेमतेम तीन-चार मिनिटांचे गाणे मावत असल्याने लांब रचनेच्या अनेक तबकड्या एका जाड पुठ्ठ्याच्या वहीत बांधून विकत, तीच ‘अल्बम’. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पांढरी, कोरी पाटी. त्या वहीवर गाण्याला साजेसे चित्र छापण्याची प्रथा अमेरिकेत कोलंबिया कंपनीच्या ॲलेक्स स्टाइनवाइस या तरुण चित्रकाराने १९४० च्या सुमारास रूढ केली. १९४८ मध्ये मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेणारी बारा इंची तबकडी निघाली आणि चित्रकारास हातभर चौरस अंगण मिळाले.

आमच्याकडे मात्र गाणे आणि चित्र यांचे नाते याहून पुष्कळ आधीचे. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात वज्र राजा मार्कंडेय मुनींकडे मूर्ती घडविण्याची विद्या मागतो. मुनी त्यास सांगतात, की चित्रविद्या जाणल्यावाचून मूर्ती कळणार नाही, नृत्यावाचून चित्र कळणार नाही, नृत्यासाठी वाद्य जाणले पाहिजे आणि वाद्यासाठी गीत. म्हणजे मूर्तिकाराची वाट अखेर गाण्यापाशी येऊन पोहोचते. हा संवाद आम्ही त्या मुलीस सांगितला, तेव्हा तिने वही मिटली आणि म्हणाली, “महाराज, मग आधी अभंगच ऐकते.”

तिचे पहिले रेखाटन सुबक होते, पण त्यात विठ्ठल होता. आम्ही तिला एवढेच विचारले, “बाळ, चोखोबा हे कोठे उभे राहून पाहत आहेत?”

पंढरपुरास आलेल्या वाचकांना ठाऊक आहे, की मंदिराच्या पूर्वेकडील महाद्वाराची पहिली पायरी ती नामदेव पायरी, आणि तिच्या समोरच चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता ते कोसळले आणि त्याखाली चोखोबा गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून येथे समाधी दिली, असे परंपरा सांगते. हे वर्ष १३३८ चे मानतात. जिवंतपणी ज्यांना उंबरठा ओलांडू दिला नाही, त्यांना देहान्तानंतरही दारासमोरच जागा मिळाली. तेथून दिसते ते महाद्वार. गाभाऱ्यातील मूर्ती तेथून दिसत नाही. ज्याला देव दिसू दिला नाही, त्याच्या गाण्यावर आपण देवाचे चित्र छापतो. हे भक्तीचे लक्षण की विस्मरणाचे, याचा विचार व्हावयास नको काय?

विद्यार्थिनीने दुसऱ्या खेपेस आणलेले रेखाटन पाहून आम्ही चकित झालो. पुस्तकासारखे उघडणारे जोडवेष्टन, बाहेरच्या अंगास पायरी, चौकट आणि बंद दार. उघडले की आत विटेवरची मूर्ती. युक्ती मोठी देखणी. तरीही आमचे समाधान झाले नाही. वेष्टन उघडावयास एक क्षण लागतो. ते दार उघडावयास सहाशे नऊ वर्षे लागली. साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात येथे दहा दिवस प्राण पणास लावले, तेव्हा कोठे अस्पृश्य गणलेल्या भाविकांना आत जाता आले. तो सगळा काळ एका घडीत गिळून टाकावयाचा? मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिने स्वतःच आतील मूर्ती काढली आणि तेथे पाच स्तंभांत पाच जणांचे अभंग मांडले. दार उघडले, की समोर येतात ते दाराबाहेर राहिलेल्यांचे शब्द. साने गुरुजींच्या उपोषणाची नोंद तळाशी बारीक अक्षरात आहे. तबकडी काढणाऱ्यांपैकी एकाचे म्हणणे पडले, की आषाढीत विठ्ठलावाचून माल खपावयाचा नाही. व्यवहार म्हणून ते खरेही असेल.

मूर्ती नसण्यास आणखी एक कारण आहे. वेष्टन ही शेवटी टाकावयाची वस्तू. त्यावरचे प्लास्टिक तर घरी पोहोचताच फाटते. भंगलेल्या मूर्तीस आणि जीर्ण पोथीस आपल्याकडे विसर्जन आहे. खोक्यावरील देवास केराची टोपली! पूर्वी पोथीची सुटी पाने दोन फळ्यांमध्ये ठेवून बासनात बांधीत. (एखादे प्रकरण ‘बासनात गुंडाळणे’ याला पुढे वाईट अर्थ आला, त्यात बासनाचा काय दोष?) हे ऐकून तिने प्लास्टिकला फाटा दिला आणि सुती रुमाल योजला.

खरी अडचण नावांची आली. प्रथम तिने ‘चोखामेळा’ हे नाव मोठ्या अक्षरात आणि ‘व परिवार’ हे लहान अक्षरात घातले होते. आता पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणे बंका आणि मुलगा कर्ममेळा यांची नावे चोखोबांइतक्याच मोठ्या अक्षरांत चौकटीवर आहेत. सोयराबाईंचा रंगाविषयीचा अभंग किशोरीताई आमोणकरांच्या कंठातून घरोघर पोहोचला. तो गुणगुणणाऱ्या कितीकांना कवयित्रीचे नाव सांगता येईल?

याच सोयराबाई अनेक अभंगांच्या अखेरीस स्वतःचे नाव न घेता, चोख्याची बायको म्हणून, आणि तेही जातीच्या उल्लेखासह आपली ओळख देतात. आतील पुस्तिकेत तो शब्द गाळावा, अशी सूचना कोणी केली. आम्ही ठाम नकार सुचविला. मुद्रा ही संताची सही. सहीत खाडाखोड करण्याचा अधिकार छापणाऱ्यास नाही, गाणाऱ्यास नाही आणि कीर्तनकारास तर मुळीच नाही. शब्द बोचत असेल तर तो कोणी आणि कोणास चिकटवला ते टीपेत सांगावे. तशी टीप आम्ही लिहून दिली आहे.

रंगाचा निर्णय मुलीने एकटीने घेतला आणि तो आम्हांस सर्वांत आवडला. गोपीचंदनासारख्या फिकट पिवळट जाड कागदावर बुक्क्यासारखी काळी, अशी एकच शाई. चार रंगांची छपाई टळल्याने खर्चही वाचला. हेच चित्र मोबाईलवर नखाएवढे झाले, तरी काळे दार तेवढे ओळखू येते. ते तिने आम्हांस करून दाखविले.

तबकड्या छापून येतील, तेव्हा पहिली प्रत चोखोबांच्या समाधीपाशी ठेवावी, असा त्या मंडळींचा मानस आहे. एकादशीच्या गर्दीत ते जमणे नाही. गोपाळपूरचा काला झाला आणि दिंड्या परतीस लागल्या, की एखाद्या सकाळी या, असे आम्ही त्यांस कळविले आहे.