आंतीपास्तो

इटालियन भोजनात मुख्य पदार्थांच्या अगोदर वाढण्यात येणाऱ्या, प्रायः थंड व खारट चवीच्या क्षुधावर्धक पदार्थांना ही सामुदायिक संज्ञा आहे. ‘पूर्वी’ व ‘अन्न’ या अर्थांच्या लॅटिन शब्दांपासून ती बनली असून ‘पास्ता’ या शब्दाशी तिचा व्युत्पत्तीच्या दृष्टीने संबंध नाही. खारवून वाळविलेले मांस, निरनिराळ्या प्रकारचे चीज, ऑलिव्हची फळे, शिर्क्यात मुरविलेल्या भाज्या, ताजी फळे व पाव हे आंतीपास्तोचे मुख्य घटक होत. हे पदार्थ आधी मांडून ठेवता येतात आणि पाहुण्यांना उभ्यानेही खाता येतात. त्यामुळे मेजवान्यांत त्यांचा उपयोग जगभर होऊ लागला आहे. ऐनवेळी शिजविण्याचे काम त्यांत थोडेच असते. खरे काम कित्येक महिने आधी मांस खारविण्याच्या कोठारात व दुग्धशाळेत झालेले असते. म्हणून हे पदार्थ टिकतात कसे आणि कोणत्या मर्यादेपर्यंत, हे समजून घेणे त्यांची निवड व मांडणी करणाऱ्यास आवश्यक ठरते.

इतिहास : प्राचीन रोममधील श्रीमंतांच्या मेजवानीचा पहिला भाग अंडी, ऑलिव्ह, पालेभाज्या व खारविलेले मासे यांचा असे आणि त्यांबरोबर मध घातलेले मद्य देत. मांस खारविण्याची कला तेथे चांगलीच प्रगत होती. केटो (इ. स. पू. २३४–१४९) याने शेतीवरील आपल्या ग्रंथात डुकराच्या मांड्या भांड्यात मिठाच्या थरांत रचाव्यात, काही दिवसांनी खालच्या वर कराव्यात, एकूण बारा दिवसांनी काढून वाऱ्यावर व नंतर धुरात टांगाव्यात आणि शेवटी तेल व शिर्का चोळून ठेवाव्यात, अशी रीत सांगितली आहे. मध्य इटलीतील नॉर्चा या गावचे लोक या कामात इतके निष्णात होते की, त्या गावावरून बनलेला ‘नॉर्चीनो’ हा शब्द इटालियन भाषेत डुकराच्या मांसाचे पदार्थ बनविणाऱ्या कारागिराचा वाचक झाला. चौदाव्या शतकात बोकाचीओने देकामेरॉन या ग्रंथात किसलेल्या पार्मा चीजच्या डोंगराची कल्पना रंगविली आहे, यावरून त्या चीजची तत्कालीन प्रसिद्धी दिसून येते. बोलोन्या येथे १६६१ मध्ये मोर्तादेल्ला या मांसपदार्थाच्या उत्पादनाचे नियमन करणारा हुकूम निघाला होता.

खारविलेले मांस : मिठामुळे मांसातील पाणी बाहेर ओढले जाते आणि उरलेले पाणी सूक्ष्मजंतूंच्या वाढीस सहजी उपलब्ध राहत नाही. त्यानंतरच्या संथ वाळवणीत मांसातीलच एंझाइमे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणण्यास मदत करणारी प्रथिने) प्रथिनांचे व मेदांचे विघटन करतात व त्यातून विशिष्ट चव आणि गंध निर्माण होतो. डुकराच्या मागील मांडीपासून करतात त्या पदार्थास ‘प्रोशूत्तो’ म्हणतात. पार्मा प्रांतातील लांगीरानो व त्याच्या परिसरात तयार होणारा प्रोशूत्तो सर्वांत प्रसिद्ध आहे. त्यासाठी मांस व मीठ यांखेरीज दुसरे काही वापरीत नाहीत. अनुभवी कारागीर मांडीला मीठ चोळतो. सुमारे तीन आठवडे थंड खोलीत ठेवल्यावर मीठ झाडून ती आणखी दोन-तीन महिने थंडीतच विसावू देतात. पुढे ती धुऊन, समोरासमोर खिडक्या असलेल्या दालनांत टांगतात. मांसाचा उघडा भाग फार कडक होऊ नये म्हणून त्यावर चरबी, मीठ व तांदळाचे पीठ यांचा लेप देतात. सर्व प्रक्रियेस एक वर्षाहून अधिक काळ लागतो आणि मूळ वजनाच्या चतुर्थांशापेक्षा जास्त घट येते. अखेरीस घोड्याच्या हाडाची सुई मांसात टोचून तिच्या वासावरून परीक्षा घेतात व योग्य ठरलेल्या मांडीवर पंचकोनी राजमुकुटाचे चिन्ह डागतात. यासंबंधीचा उत्पादकांचा संघ १९६३ मध्ये स्थापन झाला. ईशान्य इटलीतील सान दान्येले येथील प्रोशूत्तोही नावाजलेला आहे.

‘सालामी’ करताना मांस व चरबी बारीक करून त्यांत मीठ व मसाला मिसळतात व ते मिश्रण आतड्याच्या आवरणात भरतात. लॅक्टिक अम्ल निर्माण करणारे जंतू त्यात वाढून, दह्याप्रमाणेच, आंबटपणा आणतात. हे अम्ल व वाळवण या दोहोंमुळे सालामी टिकते. मोर्तादेल्ला मात्र शिजविलेली असून तिच्या गुलाबी कापावर चरबीचे पांढरे चौकोन दिसतात. डुकराच्या मानेपासून कोप्पा व पोटाच्या भागापासून पांचेत्ता करतात. लाँबर्डीतील व्हाल्तेल्लीना खोऱ्यातील ब्रेझाओला गोमांसाचा असतो, तर आल्प्समधील स्पेकला हलका धूर देतात.

चीज : आंतीपास्तोमध्ये मऊ, मध्यम व कठीण असे चीजचे किमान तीन प्रकार ठेवण्याची पद्धत आहे. पार्मिजानो रेज्जानो हे गाईच्या न तापविलेल्या, अंशतः साय काढलेल्या दुधापासून करतात. सुमारे ४० किग्रॅ. वजनाच्या एका चाकास ५०० लि.हून अधिक दूध लागते व ते किमान १२ महिने मुरवितात. दूध साकळल्यावर उरणारी निवळी डुकरांच्या खाद्यात वापरण्याची त्या प्रदेशात परंपरा आहे. अशा रीतीने तेथील चीज व प्रोशूत्तो हे दोन्ही धंदे परस्परांना पूरक ठरले आहेत. पेकोरीनो मेंढीच्या दुधाचे असते. गोर्गोनझोलात निळसर बुरशीच्या शिरा असतात. मोत्झारेल्ला व प्रोव्होलोने यांचा घट्ट गोळा गरम पाण्यात ताणून त्यास आकार देतात. कांपान्या प्रांतातील अस्सल मोत्झारेल्ला म्हशीच्या दुधाची असते. पार्मिजानोसाठी वासराच्या जठरापासून मिळणारे रेनेट वापरतात, त्यामुळे काटेकोर शाकाहारी व्यक्तींना ते चालत नाही. भारतातील चीज उत्पादनात मुख्यत्वे सूक्ष्मजीवजन्य रेनेट वापरतात.

तयारी व मांडणी : इतर भोजन पुढे व्हावयाचे असल्यास दर माणशी सु. ५० ग्रॅ. मांस व तेवढेच चीज पुरेसे होते. प्रोशूत्तोचे काप कागदासारखे पातळ, तर सालामीचे किंचित जाड घेतात. कापलेले मांस हवेने लवकर सुकते म्हणून ते शक्यतो वाढण्याच्या वेळीच कापतात. कठीण चीज थंड असता त्याचा गंध दबलेला राहतो. यास्तव ते सुमारे एक तास आधी प्रशीतकातून बाहेर काढतात. पार्मिजानो सुरीने न कापता आखूड, टोकदार पात्याने त्याचे ढलपे पाडतात.

साध्या पदार्थांपैकी खरबुजाच्या किंवा अंजिराच्या फोडीवर प्रोशूत्तोचा काप गुंडाळणे हा प्रकार सर्वपरिचित आहे; फळाच्या गोडीमुळे मांसाचा खारटपणा सौम्य होतो. तूरिन येथील ग्रिसीनी या कुरकुरीत पावाच्या कांड्यांवरही प्रोशूत्तो गुंडाळतात; मात्र कांड्या ओलाव्याने मऊ पडत असल्याने हे काम अगदी शेवटी करावे लागते. ब्रेझाओलाच्या कापावर लिंबाची किसलेली साल व मिरपूड घातलेले शेळीच्या दुधाचे ताजे चीज पसरून त्याच्या सुरळ्या करतात. मोत्झारेल्ला निथळून टोमॅटो व तुळशीच्या जातीतील बेझिल या वनस्पतीच्या पानांसह काडीला टोचतात. फ्रीऊली भागात मोंतास्यो चीजचा कीस तव्यावर पसरून मंद आचेवर त्याच्या कुरकुरीत चकत्या करतात. त्यांना ‘फ्रीको’ म्हणतात. पार्मा येथे तळलेल्या पिठाच्या गरम, फुगीर चौकोनी तुकड्यांबरोबर मांसाचे काप देतात. मांस, चीज व ऑलिव्ह ही तिन्ही खारट असल्याने अशा पदार्थांत वेगळे मीठ घालीत नाहीत आणि सोबत शिर्क्यातील भाज्या व बिनमिठाचा पाव ठेवतात.

आरोग्यविषयक दक्षता : खारविलेले मांस टिकाऊ असले, तरी ते सर्वस्वी निर्धोक नसते. डिसेंबर १८९५ मध्ये बेल्जियममधील एलझेल या खेड्यात एका अंत्यविधीनंतरच्या भोजनात खारविलेली डुकराची मांडी खाल्ल्याने वाद्यवृंदातील अनेक जण आजारी पडले व त्यांतील तिघे दगावले. या घटनेच्या तपासातून एमील व्हान एरमेंगेम यांनी आज क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जंतूचा शोध लावला. हा जंतू हवेच्या अभावी वाढतो व त्याचे विष रंग, वास वा चव यांवरून ओळखता येईलच असे नसते. त्याला आवर घालण्यासाठी अनेक मांसपदार्थांत सोडियम नायट्राइट ठराविक अल्प प्रमाणात मिसळतात. त्यानेच मांसाला टिकाऊ गुलाबी रंगही येतो. अशा मोजमापांत चूक झाल्यास ती जिवावर बेतू शकते. म्हणून घरगुती मेजवानीसाठी मांस स्वतः खारविण्याऐवजी भरवशाच्या उत्पादकाकडील मांस घेणे हितावह असते.

लिस्टेरिया हा जंतू प्रशीतकाच्या तापमानातही वाढतो. गर्भवती स्त्रिया, वृद्ध व दुर्बल प्रतिकारशक्तीच्या व्यक्ती यांनी न शिजविलेले खारे मांस व न तापविलेल्या दुधाचे मऊ चीज टाळावे. कापलेले मांस व मऊ चीज सामान्य तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, ३२° से.पेक्षा अधिक उष्म्यात ही मर्यादा एक तासाची समजतात. त्यामुळे उष्ण प्रदेशात सर्व पदार्थ एकदम न मांडता लहान ताटे भरून ती वेळोवेळी बदलणे श्रेयस्कर होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाचा समावेश मानवात कर्करोग उद्‌भवविणाऱ्या घटकांत केला. असे मांस रोज ५० ग्रॅ. खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सु. १८ टक्क्यांनी वाढतो, असा तिचा निष्कर्ष आहे. हे पदार्थ नित्याच्या आहारात न ठेवता प्रसंगोपात्त व अल्प प्रमाणात खावेत, हे यावरून स्पष्ट होते.

मांस टिकविण्याची हीच तत्त्वे भारतात गोव्यातील चोरिस या पदार्थात आढळतात. पोर्तुगीज परंपरेतून आलेल्या या पदार्थात डुकराच्या मांसाला मीठ, शिर्का, लाल मिरची व लसूण लावून ते आतड्यात भरतात व वाळवितात. सालामीतील आंबटपणा जंतूंपासून मिळतो, तर येथे तो शिर्क्यापासून येतो. शिवाय चोरिस शिजवूनच खातात; दमट व उष्ण हवामानात ही रीत अधिक सुरक्षित ठरते.