मुंबई-पुणे, वर एक इंच

अमेरिकेतल्या एखाद्या हायवेवर, पुलाच्या खांबाआड गाडी लावून पोलीस बसलाय. हातातल्या रडार गनचा खटका तो फक्त एक सेकंद दाबतो. तेवढ्यात त्या गनमधून किती लाटा बाहेर पडल्या असतील? ३,४७० कोटी! छापताना शून्यं वाढलेली नाहीत. तिथल्या पोलिसांच्या नेहमीच्या वापरातली एक फ्रीक्वेन्सी ३४.७ गिगाहर्ट्झ आहे, आणि गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला शंभर कोटी.

मोजून बघायच्या? सेकंदाला एक, न झोपता, न जेवता. या एका सेकंदातल्या लाटा मोजायला अकराशे वर्षं लागतील. आज शेवटची लाट मोजून हुश्श करायचं असेल, तर पहिली मोजायला राष्ट्रकूटांच्या राज्यात बसायला हवं होतं. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी पुरी झाली तेव्हा तुमचं एक तृतीयांश काम उरकलं असतं. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक होत असताना दोन तृतीयांश! आणि हे सगळं पोलिसाने एकदा बोट दाबलं म्हणून.

बरं, या लाटा धावतात सेकंदाला तीन लाख किलोमीटर. मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर धरा. एका सेकंदात मुंबईहून पुणे, पुण्याहून मुंबई अशा एक हजार फेऱ्या. मध्ये लोणावळ्याला चिक्की नाही, काही नाही.

अशी लाट समोरून येणाऱ्या गाडीवर आपटून परत येते, तेव्हा तिची फ्रीक्वेन्सी किंचित वाढलेली असते. का वाढते ते डॉप्लरसाहेबांनी १८४२ मध्येच सांगून ठेवलंय. आपण त्यांच्यावर विश्वास ठेवू आणि मजेच्या भागाकडे जाऊ. प्रश्न असा, की किती वाढते? स्टेशनात न थांबता धडधडत येणाऱ्या एक्स्प्रेसचा भोंगा आठवा. ताशी शंभरने गाडी येत असेल तर त्याचा सूर साधारण बारा भागांत एक भागाने चढलेला असतो. हे कानालाही कळतं. तीच ताशी शंभरची मोटार रडारच्या लाटेत किती फरक पाडते? ५४ लाखांत एक! ५४ लाखांचा फ्लॅट घेतलात आणि बिल्डरने एक रुपया जास्त लावला, तर तुम्हाला कळेल का? या गनला कळतो. मुंबई-पुणे अंतर टेपने मोजलंत, दीडशे किलोमीटर, आणि त्यात सुमारे एक इंच जास्त भरला. तो एक इंच म्हणजे तुमची ताशी शंभरची गती.

पण इतक्यावर भागत नाही. पोलिसाला शंभर आणि एकशे एक यांतही फरक करायचा असतो, म्हणजे त्या इंचाचा शंभरावा भाग. मुंबईपासून पुण्यापर्यंतच्या अंतरात पाव मिलिमीटरच्या जरा वर! गनची युक्ती मात्र झकास आहे. गेलेली आणि आलेली लाट ती एकमेकींत मिसळते आणि फक्त फरक ऐकते. ३,४७० कोटींतून ३,४७० कोटी वजा केले, की उरतात सेकंदाला जेमतेम ६,४०० कंपनं. ती एक बारीक शिटी असते, माणसाच्या कानाला ऐकू येईल अशी.

आता ही परतलेली लाट असते तरी किती जोराची? गन मुळात वीसेक मिलिवॅटची, म्हणजे घरातल्या नऊ वॅटच्या एलईडी बल्बच्या साडेचारशेव्या हिश्श्याएवढी. झोत बारा अंशांचा. तीनशे मीटरवर तो साठ मीटर रुंद पसरतो, रस्ता, झाडं, पाट्या सगळ्यांना कवेत घेतो. त्यातला जरासा भाग गाडीवर पडतो, तो परत चौफेर उधळतो, आणि त्यातला कणभर गनपर्यंत पोचतो. ढोबळ हिशोब मांडला तर पाठवलेल्या सुमारे पन्नास हजार कोटी भागांतला एक भाग परत येतो. पन्नास हजार कोटी थेंब पाणी म्हणजे वीस फूट रुंद, चाळीस फूट खोल अशा सत्तर काठोकाठ भरलेल्या विहिरी. सत्तर विहिरी ओतल्या, एक थेंब परत आला. आणि त्या थेंबावर दंडाची पावती फाडायची!

तिथले काही चालक गाडीच्या काचेला सक्शन कपने रडार डिटेक्टर चिकटवतात, म्हणजे पोलिसाच्या गनची लाट ऐकली की ओरडून सावध करणारा डबा. त्याचा फायदा नेमका इथे आहे. गनला जाऊन-येऊन दोन्ही प्रवासांत मार खाल्लेला थेंब मिळतो. डिटेक्टरला एकाच प्रवासातलं पाणी. अंतर दुप्पट झालं की डिटेक्टरच्या वाट्याला चौथा हिस्सा येतो, गनच्या वाट्याला सोळावा. दहापट झालं की याला शंभरावा, तिला दहा हजारावा. त्यामुळे मोकळ्या सरळ रस्त्यावर तीन किलोमीटरवरून डिटेक्टरपाशी पोचलेली लाट, तीनशे मीटरवरून गनकडे परतलेल्या लाटेच्या हजारपट जोरकस असते. ताशी शंभरने तीन किलोमीटर म्हणजे १०८ सेकंद. तेवढ्यात गाडी हळू करून, साळसूद चेहरा करून, रेडिओही लावून होतो. अर्थात पोलीसही काही कच्चे नसतात. गाडी टप्प्यात येईपर्यंत ते खटका दाबतच नाहीत. शिवाय पोलिसांच्या दुसऱ्या एका फ्रीक्वेन्सीवर, २४ गिगाहर्ट्झच्या आसपास, दुकानांचे आपोआप उघडणारे दरवाजे आणि शेजारच्या मोटारींचे सेन्सरही बोलत असतात, त्यामुळे डिटेक्टर मॉलसमोरही पोलीस आल्यासारखा किंचाळतो.

लेझर गनपुढे मात्र सगळंच पारडं फिरतं. आपल्याकडच्या महामार्ग पोलिसांच्या इंटरसेप्टर गाड्यांतही हीच गन असते. तिचा न दिसणारा अवरक्त प्रकाश सेकंदाला तेहतीस हजार हजार कोटी कंपनं करतो. तुमचा मघाचा मोजणारा माणूस इथे बसवला, तर अकराशे वर्षं नाही, एक कोटी वर्षं लागतील! लाटेची लांबी इतकी कमी, की केसाच्या जाडीत ऐंशी लाटा सहज मावतात. तीनशे मीटर जाऊन-येऊन तिला लागतात सेकंदाच्या दहा लाखांतले दोन भाग. गन असे शेकडो ठोके पाठवते आणि प्रत्येक ठोका आधीच्यापेक्षा किती लवकर परतला ते बघते. साधारण सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात गती पडद्यावर. आणि झोत? रडारचा साठ मीटर होता. याचा तीनशे मीटरवर नव्वद सेंटिमीटर! तो पडतो तुमच्या नंबरप्लेटवर, मागच्याच्या नाही, शेजारच्याच्या नाही. तिकडे १०८ सेकंद, इकडे सेकंदाचा तिसरा हिस्सा. डिटेक्टर ‘लेझर’ म्हणून ओरडतो तेव्हा तुमची गती बहुतेक वेळा मोजून झालेली असते.

आणि एवढं सगळं ऐकणाऱ्या त्या डब्यालाही गप्प बसता येत नाही. रडार ऐकण्यासाठी तो स्वतःच आत एक बारीक लाट तयार करतो, ती थोडीशी बाहेर झिरपते, आणि ती झिरप पकडणारी यंत्रं पोलिसांकडे असतात: डिटेक्टरचे डिटेक्टर! अमेरिकेच्या पन्नास राज्यांत खासगी मोटारींमधल्या डिटेक्टरवर सरसकट बंदी एकट्या व्हर्जिनियात आहे; शिवाय राजधानी वॉशिंग्टन डीसीत. तेव्हा न्यू जर्सीहून राजधानी बघायला निघणाऱ्या मंडळींनो, हद्द लागायच्या आधी डब्याची वायर काढा, डबा डिकीत टाका, आणि गाडी पाटीवरच्या आकड्याच्या आत ठेवा.